गायकवाड सिस्टरांचे भाडेकरू

लग्नाच्या मांडवात, बारशाला, एकदा तर दहाव्याच्या घाटावरसुद्धा मला बाजूला घेऊन लोकांनी हाच प्रश्न विचारला आहे. "सुनंदाताई, थोडे पैसे जमलेत. एखादा फ्लॅट घेऊन भाड्याने टाकावा म्हणतोय. तुमचं काय मत?"

माझं पहिलं मत त्या 'टाकावा' या शब्दाबद्दल असतं. पेटीत पत्र टाकतात, बँकेत ठेव टाकतात. टाकली की आपण मोकळे. भाड्याच्या घरात माणसं राहायला येतात, आणि माणसं आली की कोणीच पुरतं मोकळं राहत नाही.

घरं भाड्याने लावून द्यायचं काम मी वीसेक वर्षं केलं, हडपसर ते मांजरी एवढ्याच पट्ट्यात. माझं माहेर लोणी काळभोरचं. लग्न होऊन मांजरीत आले तेव्हा आमच्या गॅलरीतून ऊस दिसायचा. मग उसाच्या जागी बिल्डिंगी दिसायला लागल्या. त्यातल्या एका बिल्डिंगीत फ्लॅट घेतलेल्या ओळखीच्या बाई परगावी जाताना किल्ली माझ्याकडे ठेवून गेल्या आणि म्हणाल्या, कोणी आलं तर दाखवा. दाखवलं, गेलं. दुसऱ्या बाईंनी किल्ली आणून दिली. असा हा धंदा सुरू झाला. पाटी लावायची वेळ आली तेव्हा आमच्या घरातला फ्रिजशेजारचा खिळ्यांचा फळा किल्ल्यांनी भरून गेला होता. गेल्या वर्षी गुडघ्यांनी जिने चढायला नकार दिला, तेव्हा तो फळा पुतणीच्या स्वाधीन केला. फोन मात्र अजून मलाच येतात.

नवीन माणूस भाड्यासाठी घर घ्यायला निघाला की त्याची पहिली चूक ठरलेली असते. तो स्वतः राहायला जाणार असल्यासारखं घर बघतो. सूर्य कुठून उगवतो, गॅलरीतून टेकडी दिसते का, हॉलमध्ये झोपाळा मावेल का. भाडेकरू यातलं काही बघत नाही. तो नळ उघडतो. लिफ्ट चालू आहे का बघतो. दुचाकी कुठे लावायची विचारतो, आणि बेडरूममध्ये उभा राहून मोबाइलला रेंज येते का ते पाहतो. म्हणून मी सांगायची, बिल्डिंग दोनदा बघा. एकदा दुपारी, आणि एकदा सकाळी, पाण्याचे टँकर यायच्या वेळेला. टँकर किती येतात ते वॉचमन सांगेल, बिल्डर सांगणार नाही. आणि वर्षातला एखाददुसरा महिना घर रिकामं राहणार हे आधीच धरून चाला. भाडं आलं तरच हप्ता जाईल अशी ज्याची ओढाताण आहे, त्याने या वाटेला जाऊ नये.

एवढं सगळं मी ज्यांना सांगायला हवं होतं, त्या गायकवाड सिस्टर माझ्याकडे आल्या त्या फ्लॅट घेऊन झाल्यावरच.

रत्नमाला गायकवाड. सरकारी हॉस्पिटलात आयुष्य काढून हेडनर्स म्हणून निवृत्त झालेल्या. मिस्टर पोस्टात होते, ते वारलेले. स्वतः हडपसरला मुलगा-सुनेबरोबर राहायच्या. फंडाच्या पैशांतून मांजरीत चौथ्या मजल्यावर एक बेडरूमचा फ्लॅट घेतला होता, म्हणजे म्हातारपणी हाताशी काहीतरी येत राहील. पांढरीस्वच्छ साडी, खांद्याला पर्स, आणि बोलणं असं की समोरच्याने आपोआप ताठ बसावं.

मी त्यांच्याबरोबर फ्लॅट बघायला गेले. स्वयंपाकघरात त्यांनी महागाचा काळा ओटा बसवून घेतला होता, भिंतींना फिकट गुलाबी रंग.

"सिस्टर, हे कोणासाठी केलंत?"

"भाडेकरूसाठी. आपल्याला जे आवडतं तेच दुसऱ्याला द्यावं ना?"

"भाडेकरूला पांढरा रंग द्यावा. डाग पडला की तेवढाच पट्टा रंगवता येतो."

त्या हसल्या नाहीत, पण पर्समधून पेन काढून हातावर लिहून घेतलं. नर्सेसची सवय.

मग मी नेहमीचा प्रश्न विचारला, "तुमच्या अटी काय?" कारण प्रत्येक मालकाच्या असतात. बॅचलर नको. वकील नको, घर सोडणार नाही. पोलीस नको, घर सोड म्हणायची हिंमत होणार नाही. कुत्रा नको. मटण-मासळी नको. शिवाय काही 'नको' असे असतात की मालक ते फोनवर आवाज खाली करून सांगतात. त्या नकोंना बरं रूप देऊन समोरच्यापर्यंत पोचवायचं, हा आमच्या धंद्यातला सगळ्यात नकोसा भाग. फी घेऊनही तो कधी अंगवळणी पडला नाही.

सिस्टर म्हणाल्या, "माझी एकच अट. आडनाव विचारायचं नाही."

"अहो, करारात नाव लागतं. पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यावी लागते."

"कागदावर लागेल तिथे लिहा. घर द्यायचं की नाही हे ठरवायला विचारायचं नाही."

मग त्यांनीच सांगितलं, ओट्याला टेकून, पेशंटची हिस्टरी सांगावी तशा आवाजात. "माझ्या जन्माच्या आधीच वडिलांनी धम्मदीक्षा घेतलेली. नोकरी लागून मी पुण्यात आले, नवीन लग्न झालेलं. आम्ही दोघं खोली शोधत पेठांमधून फिरायचो. खोली पसंत पडायची, भाडं जमायचं. मग घरातल्या बाई विचारायच्या, आडनाव काय म्हणालात? मी सांगायचे, गायकवाड. त्याला मी कधी घाबरले नाही. मग दुसरा प्रश्न यायचा. गायकवाड म्हणजे कुठले? तो आला की मी पर्स उचलायचे. कारण त्याच्यानंतर त्यांच्याकडे हमखास गावाहून पाहुणे यायचे असायचे."

एवढं बोलून त्यांनी नळ उघडून पाणी नीट येतंय ना ते पाहिलं आणि बंद केला.

दीड-दोन महिने फ्लॅट रिकामाच राहिला. त्याच सुमाराला माझ्या ऑफिसात आपटेकाका आले.

वय ऐंशीच्या घरात. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले. बायको जाऊन काही वर्षं झालेली. मुलगा अनिरुद्ध इथेच नोकरीला होता, त्याच्याबरोबर भाड्याच्या घरात राहायचे. त्याची बदली बंगळूरला झाली.

"मग तुम्ही जात नाही?" मी विचारलं.

"बंगळूरला मी भांडू कोणाशी? मला कन्नड येत नाही."

माणूस नीटनेटका, पेन्शन चालू, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करणारा. असा भाडेकरू मिळायला नशीब लागतं. तरी मी फोन करत गेले तसा एकेक मालक नाही म्हणत गेला. "एकटे आहेत? एवढ्या वयाचे? नको हो. उद्या काही झालं तर?" काय झालं तर, हे कोणीही बोललं नाही. घर सोडायला लावलेल्या भाडेकरूच्या गोष्टी मालक एकमेकांना तिखटमीठ लावून सांगतात. घरात भाडेकरू वारल्याची गोष्ट कोणाला ऐकवत नाही.

सिस्टरांनाही मी स्पष्ट सांगितलं, "माझा सल्ला विचाराल तर नका देऊ."

"का?"

"काही झालं तर?"

"सुनंदाताई, वॉर्डात मी जन्मभर उभी राहिले ती 'काही झालं तर' यासाठीच. आणा त्यांना."

माझ्या ऑफिसात करार करायचा दिवस ठरला. आमच्याकडे अकरा महिन्यांचा करार करतात आणि तो रीतसर नोंदवतात. साध्या स्टँपपेपरवर सही करून मोकळं होणारे मालक पुढे माझ्याकडे रडत येतात, म्हणून हे मोठ्याने सांगते, नोंदणी कराच, ती मालकाची जबाबदारी असते. हल्ली नोंदणीचा माणूस लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन आपल्याकडेच येतो. फोटो, अंगठा, दोन साक्षीदार, झालं.

आपटेकाकांनी मात्र करार वाचायला घेतला. सगळा. असा भाडेकरू मी तोवर पाहिला नव्हता. लोक भाड्याचा आकडा बघतात आणि अंगठा पुढे करतात. काकांनी पेन काढून 'परवानगी'ची चुकलेली वेलांटी दुरुस्त केली. नोंदणीवाला पोरगा म्हणाला, "आजोबा, ते ऑनलाइन असतं, पेनाने नाही होत."

"मग ऑनलाइन चूक राहू द्यायची असते का?"

शेवटी ते मालकाच्या नावाशी आले आणि मोठ्याने वाचलं, "श्रीमती रत्नमाला भीमराव गायकवाड." चष्म्यावरून सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टरांचा हात मांडीवरच्या पर्सवर गेलेला मला दिसला.

"गायकवाड बाई," काका म्हणाले.

"बोला."

"चौथ्या मजल्यावर पाणी दाबाने येतं का? आत्ताच्या घरात आंघोळीला बसलं की नळाखाली ध्यान लावावं लागतं."

सिस्टरांनी पर्सवरचा हात काढला. "येतं. सकाळी चांगलं येतं."

"मग ठीक."

काकांचा अंगठा काही केल्या मशीनवर उमटेना. म्हाताऱ्या माणसांच्या बोटांवरच्या रेषा पुसट होतात. पोरगा वैतागला. सिस्टर उठल्या, काकांचा हात आपल्या हातात घेतला, अंगठा पदराने पुसला, थोडा चोळून ऊब आणली आणि मशीनवर दाबून धरला. उमटला. काका त्या हाताकडे बघत राहिले. बायको गेल्यापासून त्यांचा हात कोणी असा हातात घेतला नसावा, असं मला आपलं वाटलं.

जिना उतरताना सिस्टर मला म्हणाल्या, "नळाचा प्रश्न एवढा गोड लागेल असं वाटलं नव्हतं."

काका राहायला गेले आणि बारीकसारीक तक्रारींचे त्यांचे फोन मला सुरू झाले. आता मालकांसाठी दुसरी एक गोष्ट सांगते. भाड्याने दिलेलं घर मुदतीपुरतं आपलं नसतं. 'इकडून चाललो होतो' म्हणून बेल वाजवणाऱ्या मालकाकडे चांगला भाडेकरू टिकत नाही. सिस्टर कधी फोन केल्याशिवाय गेल्या नाहीत. वर्षातून एकदा, करार पुन्हा करायच्या आधी, मी आणि त्या जाऊन भिंती, नळ, खिडक्या बघून यायचो. काका पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून तयार असायचे.

सिस्टर नळ बघायच्या आणि सहज विचारायच्या, "बीपीच्या गोळ्या घेता ना वेळेवर?"

"हे कराराच्या कुठल्या कलमात बसतं?"

"वास्तू सुस्थितीत ठेवण्याच्या."

काका मिशीत हसायचे आणि गोळ्यांचा डबा आणून दाखवायचे. दोघांच्या गप्पा एवढ्याच. पण पाहणीचा दिवस जवळ आला की दोघांचेही मला फोन यायचे. "कधी जायचंय?" सिस्टरांचा. "त्या कधी येणार आहेत?" काकांचा.

असं तिसरं वर्ष चालू असताना एका सकाळी बिल्डिंगीचा वॉचमन तुकाराम याचा फोन आला. "ताई, चौथ्या मजल्यावरचं आजोबा दार उघडंनात. बेल वाजवून दमलो. आत नळ चालू हाय."

मी जादाची किल्ली घेऊन धावले. कुलूप उघडलं, पण दार उघडेना, आतून कडी. सुताराला आणि सिस्टरांना फोन केला. त्या हडपसरहून रिक्षाने आल्या. सुतार आणि त्या बरोबरच जिन्यावर पोचले, लिफ्ट नेमकी बंद. सुताराने कडी उचकटली.

काका बाथरूममध्ये फरशीवर पडले होते. शुद्धीवर होते. उजवा पाय विचित्र वळलेला. नळ वाहत होता. सोसायटीचे चेअरमन, मी, तुकाराम, सगळे एकदम त्यांना उचलायला पुढे झालो.

"कोणी हात लावायचा नाही!" सिस्टरांचा आवाज असा आला की आम्ही जागच्या जागी थांबलो. त्यांनी नळ बंद केला, पलंगावरची चादर ओढून आणली आणि सगळ्यांत आधी ती काकांच्या अंगावर घातली. मगच बाकीच्यांना आत येऊ दिलं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्या तिथेच ओल्या फरशीवर पाय दुमडून बसून राहिल्या, काकांच्या मनगटावर बोटं ठेवून.

काका पुटपुटले, "तुमच्या दाराची कडी तुटली..."

"बोलू नका. पाय हलवू नका."

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. अनिरुद्ध बंगळूरहून आला. माणूस वाईट नव्हता, अपराधी चेहऱ्याने वॉर्डाबाहेर बसून असायचा. इकडे सोसायटीने सिस्टरांना पत्र दिलं, एकट्या वृद्ध व्यक्तीस फ्लॅट देऊ नये. करार संपायला महिनाच राहिला होता. सिस्टरांचा मुलगा संदेश, इंजिनीअर, माझ्यासमोरच त्यांना म्हणाला, "आई, तू आता मालक आहेस. नर्सची ड्यूटी संपली तुझी."

मीही तेच म्हटलं. "सिस्टर, करार आपोआप संपतोय. नवीन करू नका. कोणी वाईट म्हणणार नाही." सल्ला म्हणून तो चुकीचा नव्हता. आजही कोणी नवीन मालक असं काही विचारायला आला, तर माझ्या तोंडून पहिल्यांदा तेच येईल.

सिस्टर म्हणाल्या, "उद्या हॉस्पिटलात या माझ्याबरोबर."

आम्ही गेलो तेव्हा काका भिंतीकडे तोंड करून पडले होते. दाढी वाढलेली. अनिरुद्ध उशाशी. आमची चाहूल लागताच, तोंड न वळवता काका म्हणाले, "गायकवाड बाई, मी घर सोडतो. तुम्हाला आणखी त्रास नको. अनिरुद्ध सामान हलवेल."

अनिरुद्धच्या चेहऱ्यावर सुटका दिसली आणि तो लगेच ओशाळला. "बाबांसाठी एक चांगलं केंद्र बघितलंय, बंगळूरजवळ. चोवीस तास सोय आहे."

सिस्टरांनी स्टूल ओढलं आणि पलंगाच्या पलीकडच्या बाजूला, काकांच्या तोंडासमोर जाऊन बसल्या. "तुम्हाला कुठे राहायचंय?"

"ते आता कोण विचारतंय?"

"मी विचारतेय. घर माझं आहे."

काकांची हनुवटी थरथरली. वर्गात पोरांना चळचळा कापायला लावलेला माणूस असणार तो. मग म्हणाले, "मांजरीत. माझ्या खिडकीपाशी."

"ठीक आहे," सिस्टर म्हणाल्या आणि अनिरुद्धकडे वळल्या. आता त्या पूर्ण हेडनर्स झाल्या होत्या. "दिवसा एक मदतनीस ठेवायचा. रात्री झोपायला माणूस पाहिजे, निदान सहा महिने. बाहेरच्या दाराची आणि बाथरूमची आतली कडी मी काढून टाकणार. एक किल्ली शेजारी राहील. तुम्ही रोज संध्याकाळी फोन करायचा. एक दिवस चुकला तर मी तुम्हाला फोन करेन, आणि तो तुम्हाला आवडणार नाही. या अटी मान्य असतील तर करार पुढे चालू. भाडं पूर्ण घेणार. दया म्हणून देत नाहीये."

"मान्य," अनिरुद्ध म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

भिंतीकडे बघत काका म्हणाले, "भाडं पूर्ण घेणार असाल तरच येईन."

सोसायटीच्या मीटिंगला मीही सिस्टरांबरोबर गेले. चेअरमननी नियम, जबाबदारी, लिफ्ट वगैरे सांगितलं. सिस्टर उभ्या राहिल्या. "इथे साठीच्या पुढचे कोण कोण आहेत, जरा हात वर करा." अर्ध्याहून जास्त हात वर आले. चेअरमननी आपला हात उचलला आणि मग कुठे त्यांच्या लक्षात आलं. "म्हणजे यातल्या कोणालाच उद्या भाड्याने घर मिळू नये, असं ठरवायचंय का?" कोणी काही बोललं नाही. नंतरचा विषय पार्किंगचा होता, त्यावर मात्र भरपूर बोलले.

बाथरूममध्ये आधाराच्या दांड्या बसवायच्या ठरल्या. मी म्हटलं, "सिस्टर, हा खर्च कुठे भरून निघत नाही. पुढच्या भाडेकरूला नको असतं." त्या म्हणाल्या, "नको असेल तर त्यावर टॉवेल वाळत घालेल." प्लंबर तीनदा येतो म्हणून आला नाही. शेवटी एका रविवारी दारात संदेश उभा, हातात ड्रिल मशीन. तोंडाने कुरकुर चालू होती, आई कोणाचं ऐकत नाही, टाइल फुटली तर मला बोलू नका. पण दांडी बसवल्यावर त्याने स्वतः तिला लोंबकळून पाहिलं. त्याचं वजन बरंच आहे. दांडी हलली नाही.

काका परत आले ते वॉकर घेऊन. पुढे काठीवर आले. खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायचे. त्यांचे तक्रारीचे फोन पुन्हा सुरू झाले, पूर्ण वाक्यांत, विरामचिन्हांसकट. तो पहिला फोन आला तेव्हा मी गॅस बंद करून नीट ऐकत बसले होते. जिन्यातल्या दिव्याबद्दल होता.

त्यानंतर ते वर्षभर राहिले. मग अनिरुद्धला पुण्यात परत बदली मिळाली. त्याने बाणेरला मोठं घर घेतलं, वडिलांसाठी वेगळी खोली असलेलं. या वेळी काका आपणहून तयार झाले. मला फोन आला, "सुनंदाबाई, कराराप्रमाणे एक महिन्याची सूचना देत आहे. लेखीही पाठवतो."

लोक विचारतात, मग गुंतवणूक म्हणून हा व्यवहार कसा झाला? खरं सांगायचं तर बेताचा. दोन महिने रिकामे गेले, दार नवीन करावं लागलं. पण त्या चार वर्षांत घर मोडकळीला आलं नाही, भाड्यासाठी कधी आठवण करावी लागली नाही, आणि फ्लॅटची किंमत आजूबाजूच्या फ्लॅटांइतकीच वाढली. कागदावर मांडलंत तर एवढंच दिसेल.

घर ताब्यात घ्यायच्या दिवशी आम्ही गेलो, सिस्टर आणि मी. सामान टेंपोत चढलं होतं, अनिरुद्ध खाली होता. रिकाम्या हॉलमध्ये काका एकटे उभे, काठीवर दोन्ही हात. मी नेहमीसारख्या भिंती बघितल्या, नळ उघडून बंद केले. सगळं ठीक होतं. त्यांनी किल्ल्या सिस्टरांच्या हातात दिल्या.

सिस्टर म्हणाल्या, "चहा आणलाय. बसा थोडं."

खुर्ची नव्हती. काकांना खाली बसवणं सोपं नव्हतं, म्हणून खिडकीच्या रुंद कट्ट्यावर दोघं बसले, मी दाराशी टेकले. सिस्टरांनी पिशवीतून थर्मास काढला. त्याच्या झाकणाचाच काय तो कप. दुसरा कप आणायचं राहून गेलं होतं. त्यांनी चहा ओतला, काकांपुढे धरला.

"आधी तुम्ही," काका म्हणाले. "तुम्ही जिने चढून आलात." लिफ्ट त्या दिवशीही बंदच होती.

सिस्टरांनी दोन-चार घोटांत चहा संपवला आणि कप विसळावा म्हणून उठू लागल्या. काकांनी हात पुढे केला. "कशाला? द्या तसाच."

सिस्टर थांबल्या. काकांच्या वयाचा, काकांच्या घरातला माणूस कोणत्या रीतीत वाढला असेल, हे त्या खोलीतल्या तिघांनाही ठाऊक होतं. सिस्टरांनी त्याच कपात चहा ओतला, त्याच कपातून काका सावकाश प्यायले. खाली टेंपोवाल्याने हॉर्न दिला. काकांनी लक्ष दिलं नाही. शेवटचा घोट घेऊन, कप हातात तसाच धरून म्हणाले, "घर चांगलं होतं बरं का. चार वर्षांत सांगायचं राहून गेलं."

"आता सांगून भाडं कमी होणार नाही," सिस्टर म्हणाल्या.

काका मोठ्याने हसले. त्यांना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. हसता हसता ते उठायला गेले आणि सिस्टरांनी आपला हात पुढे केला, कोपरातून घट्ट, नर्सेस करतात तसा. तो धरून ते उठले आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.